आम्ल कधी, किती, आणि कुणाच्या सांगण्यावरून

बर्मी अजगर एकदा मोठी शिकार गिळली की पुढे कित्येक आठवडे, कधीकधी महिनेही, काही न खाता राहतो. या उपासाच्या काळात त्याच्या जठरातला पीएच मोजला तर तो साधारण 7.5 भरतो. म्हणजे आम्ल जवळजवळ नाहीच. शिकार पोटात गेली की एका दिवसात हा आकडा 2 च्या आसपास उतरतो, पुढे 1.5 वर येतो आणि शिकार हाडांसकट विरघळून आतड्यात जाईपर्यंत तिथेच टिकतो. पीएच एका अंकानं उतरला की आम्लता दहा पट वाढते. 7.5 वरून 1.5 वर येणं म्हणजे दहा लाख पट वाढ. काम संपलं की जठर पुन्हा शांत.

आपलं जठर इतक्या टोकाला जात नाही, पण मूळ प्रश्न तोच आहे. पोटात आम्ल केव्हा सोडायचं, किती सोडायचं आणि कधी थांबायचं, हे कोण ठरवतं? एकटा मेंदू नाही, आणि एकटं जठरही नाही. मेंदूकडून आलेले चेतातंतू, रक्तातून फिरणारी संप्रेरकं, शेजारच्या शेजारी काम करणारे रासायनिक निरोपे आणि खुद्द पोटात आलेलं अन्न, या सगळ्यांच्या बोलण्यातून ते ठरतं. त्यात मला सगळ्यात विलक्षण वाटतात ती अमिनो ॲसिडं. प्रथिनं तुटली की ती सुटी होतात आणि अन्न आल्याची वर्दी देतात. निरोपे तयार होतात तेही त्यांच्यापासूनच. आणि निरोप्याचा निरोप नेमका काय आहे, हेही त्यांच्या क्रमावरच ठरतं.

आधी आम्ल हवंच कशाला, ते थोडक्यात पाहू. 1752 मध्ये रेओम्युर या फ्रेंच शास्त्रज्ञानं आपल्याकडच्या एका घारीला अन्न भरलेल्या, जाळी लावलेल्या धातूच्या नळ्या गिळायला दिल्या. घार न पचलेल्या गोष्टी उलटून टाकते, त्यामुळे नळ्या परत मिळाल्या. आतलं मांस दाबलं-चिरडलं जाणं शक्य नव्हतं, तरी ते झिजून विरघळलेलं होतं. पचन हे नुसतं दळण नसून रासायनिक काम आहे, हे त्यातून दिसलं. 1824 मध्ये विल्यम प्राउटनं प्राण्यांच्या जठरातलं हे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं दाखवलं. हे आम्ल प्रथिनांच्या घड्या उलगडतं, निष्क्रिय पेप्सिनोजेनचं पेप्सिन, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, करतं आणि अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू मारतं. पण जठराची भिंतही प्रथिनांचीच आहे. आम्ल गरजेपेक्षा जास्त झालं किंवा भलत्या वेळी सुटलं, तर ते तिलाच खातं. म्हणून इतका काटेकोर बंदोबस्त.

हे आम्ल ज्या पेशीत तयार होतं तिचं नाव पॅरायटल पेशी. ती जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्या आकारमानाचा जवळपास एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनी व्यापलेला असतो, कारण या कामाला ऊर्जा प्रचंड लागते. पेशी विश्रांतीत असते तेव्हा तिचे प्रोटॉन पंप, म्हणजे हायड्रोजन आयन बाहेर ढकलणारी प्रथिनं, आतल्या बारीक पिशव्यांच्या पापुद्र्यांत बसून असतात, आणि तिथे त्यांचा काही उपयोग नसतो. निरोप आला की या पिशव्या सरकतात आणि पेशीच्या आत शिरलेल्या अरुंद नाल्यांच्या भिंतींना जाऊन मिळतात. भिंतीचं क्षेत्रफळ कित्येक पट वाढतं आणि हजारो पंप एकदम कामाला लागतात. प्रत्येक पंप एक पोटॅशियम आयन आत घेतो आणि एक हायड्रोजन आयन बाहेर ढकलतो. क्लोराइड वेगळ्या वाटेनं बाहेर येतं आणि दोन्ही मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. पेशीच्या आतला पीएच 7 च्या आसपास, नालीतला 1 च्या आसपास. मधे फक्त एक पातळ पडदा. शरीरात इतका मोठा फरक पेलणारी दुसरी जागा माझ्या माहितीत नाही.

याची एक दुसरी बाजूही आहे, ती सहसा सांगितली जात नाही. जेवढं आम्ल जठरात जातं, तेवढंच बायकार्बोनेट पेशीच्या मागच्या बाजूनं रक्तात जातं. त्यामुळे भरपेट खाल्ल्यावर रक्त काही काळ किंचित अल्कधर्मी होतं. अजगरासारख्या प्राण्यात हा बदल ठळकपणे मोजता येतो.

पॅरायटल पेशी स्वतःहून काही ठरवत नाही. तिच्यावर प्रामुख्यानं तीन निरोपे ओळखणारे रिसेप्टर असतात: चेतातंतूंच्या टोकांतून सुटणारं ॲसिटिलकोलीन, रक्तातून येणारं गॅस्ट्रिन आणि शेजारच्या पेशीतून येणारं हिस्टामिन. हिस्टामिनचा निरोप पेशीच्या आत एका मार्गानं जातो (सायक्लिक एएमपी वाढतं), बाकीच्या दोघांचा दुसऱ्या (कॅल्शियम वाढतं). दोन्ही मार्ग एकाच वेळी सुरू असले तर मिळणारं आम्ल वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त असतं. आणि एक मार्ग अडवला, तर दुसऱ्याचाही जोर ओसरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, औषधांच्या वेळी ती कामाला येणार आहे.

सुरुवात तोंडात घास जाण्याआधीच होते. इव्हान पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून अशी व्यवस्था केली होती की कुत्रा खाई, पण घास अन्ननलिकेतूनच बाहेर पडे, जठरात पोचत नसे. तरीही काही मिनिटांतच जठररस वाहू लागे. जठराकडे जाणारी व्हेगस नर्व्ह कापली की तो थांबे. 1904 चं नोबेल त्यांना पचनावरच्या याच कामासाठी मिळालं. घंटा आणि लाळेचे प्रयोग लोकांना जास्त आठवतात, पण पुरस्कार जठराचा आहे.

व्हेगस दोन तऱ्हांनी काम करते. एक सरळ: ॲसिटिलकोलीन सोडून पॅरायटल पेशीला जागं करते. दुसरी जराशी आडवळणाची. जठराच्या खालच्या टोकाला, आतड्याकडे जाणाऱ्या भागात, ‘जी’ (G) नावाच्या पेशी असतात. त्या गॅस्ट्रिन बनवतात. व्हेगसच्या हाताखालचे चेतातंतू या जी पेशींजवळ एक छोटी अमिनो ॲसिडांची साखळी सोडतात, ती त्यांना गॅस्ट्रिन सोडायला लावते. या साखळीचा शोध बेडकामुळे लागला. व्हित्तोरियो एर्स्पामर या इटालियन शास्त्रज्ञाच्या गटानं बॉम्बिना जातीच्या बेडकाच्या कातडीतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला बॉम्बेसिन म्हटलं. ते सस्तन प्राण्यांना टोचलं की त्यांच्या रक्तातलं गॅस्ट्रिन वाढे. मग असंच काहीतरी सस्तन प्राण्यांतही असणार, म्हणून शोध घेतला गेला आणि डुकराच्या जठरात ते सापडलंही.

आता घास जठरात पोचला. इथून पुढचं काम मुख्यतः अन्नच करून घेतं.

जी पेशीचं एक टोक जठराच्या पोकळीत उघडतं आणि तिथे बारीक केसांसारखे उंचवटे असतात. म्हणजे ती अन्नाला थेट स्पर्श करते. अखंड प्रथिनाचं तिला फारसं कौतुक नसतं. पण तेच प्रथिन तुटून छोट्या साखळ्या आणि सुटी अमिनो ॲसिडं झाली, की ती गॅस्ट्रिन सोडू लागते. माणसात यात सगळ्यात प्रभावी ठरलेली दोन अमिनो ॲसिडं म्हणजे फिनाइलॲलॅनिन आणि ट्रिप्टोफॅन. दोन्हींच्या रेणूत कार्बनचं कडं असतं. साखर किंवा स्निग्ध पदार्थ या पेशीला असं चेतवत नाहीत.

ही ओळख पटते कशी, हे बरीच वर्षं कोडं होतं. उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं. 1993 मध्ये गाईच्या पॅराथायरॉइड ग्रंथीतून एक रिसेप्टर सापडला. रक्तातलं कॅल्शियम किती आहे हे तो मोजतो, म्हणून त्याचं नाव पडलं कॅल्शियम सेन्सिंग रिसेप्टर. पुढे लक्षात आलं की कॅल्शियम हजर असताना तो अमिनो ॲसिडंही ओळखतो, आणि कडं असलेली विशेष चटकन. जी पेशींवर हाच रिसेप्टर असतो. ज्या उंदरांमध्ये त्याचा जनुक निकामी केला, त्यांच्यात फिनाइलॲलॅनिन देऊनही गॅस्ट्रिन वाढत नाही. खाण्यातलं कॅल्शियमही आम्ल वाढवू शकतं, त्याचं कारणही इथेच आहे. आम्लावर उतारा म्हणून घेतलेलं कॅल्शियम कार्बोनेट आधी आम्ल मारतं आणि परिणाम ओसरल्यावर कधीकधी आम्ल उलट वाढतं, ते यामुळेच.

यातून एक सुंदर चक्र तयार होतं. व्हेगसच्या निरोपावर थोडं आम्ल आणि पेप्सिन आधीच आलेलं असतं. ते प्रथिनाचे थोडे तुकडे करतं. ते तुकडे जी पेशीला कळतात, गॅस्ट्रिन वाढतं, आम्ल वाढतं, पेप्सिन आणखी तुकडे करतं. पोटात खरोखरच प्रथिन असेल तरच हे चक्र वेग घेतं. नुसता वास येऊन काहीच खाल्लं नाही, तर ते तिथेच विरतं.

गॅस्ट्रिनचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. जी पेशी आणि पॅरायटल पेशी एकाच जठरात, काही इंचांच्या अंतरावर असतात. पण गॅस्ट्रिन सरळ पलीकडे जात नाही. ते जठरातून निघणाऱ्या रक्तात उतरतं, यकृतातून हृदयात, तिथून फुप्फुसांत, पुन्हा हृदयात आणि मग धमनीतून परत त्याच जठरात येतं. संप्रेरक असणं म्हणजे हेच.

1905 मध्ये जॉन एडकिन्स यांनी मांजराच्या जठराच्या खालच्या भागातल्या अस्तराचा अर्क काढून तो मांजराच्याच शिरेत टोचला आणि आम्ल सुटताना पाहिलं. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी गॅस्ट्रिन म्हटलं. पण पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात पोलिश शास्त्रज्ञ लिओन पॉपिएल्स्की यांनी कुत्र्याला हिस्टामिन टोचलं, तर आम्लाचा लोंढा आला. हिस्टामिन तर बहुतेक ऊतींच्या अर्कात असतंच. मग एडकिन्सचं गॅस्ट्रिन म्हणजे अर्कात भेसळ म्हणून आलेलं हिस्टामिनच नाही का, असं बहुतेकांना वाटू लागलं आणि गॅस्ट्रिन मोडीत निघालं. 1938 मध्ये सिमॉन कोमारॉव्ह यांनी हिस्टामिन पूर्ण काढून टाकलेला प्रथिनयुक्त अर्क वापरूनही आम्ल सुटतं हे दाखवलं. शेवटचा निकाल 1964 मध्ये लागला. लिव्हरपूलमध्ये रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरांच्या अस्तरातून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळं काढलं. ते सतरा अमिनो ॲसिडांची साखळी निघालं.

एडकिन्स बरोबर होते. आणि हिस्टामिन महत्त्वाचं आहे असं म्हणणारेही बरोबर होते. गॅस्ट्रिन पॅरायटल पेशीला थेट हुकूम देऊ शकतं, पण त्याचं मुख्य काम वेगळं आहे. पॅरायटल पेशींच्या शेजारी ईसीएल नावाच्या पेशी असतात. गॅस्ट्रिन त्यांच्यापर्यंत पोचलं की त्या हिस्टामिन सोडतात आणि ते हिस्टामिन शेजारच्या पॅरायटल पेशीला कामाला लावतं. हे हिस्टामिन आलं कुठून? हिस्टिडिन या अमिनो ॲसिडापासून. एक एन्झाइम हिस्टिडिनचा कार्बन डायऑक्साइडएवढा तुकडा काढून टाकतं, बस्स, उरलेलं ते हिस्टामिन. गॅस्ट्रिन ईसीएल पेशीला साठवलेलं हिस्टामिन सोडायला लावतंच, शिवाय हे एन्झाइम वाढवून पुढचा साठाही करून घेतं.

गॅस्ट्रिनच्या सतरा कड्यांपैकी खरं काम शेवटच्या चार करतात: ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन, ॲस्पार्टिक ॲसिड, फिनाइलॲलॅनिन. ग्रेगरी आणि ट्रेसी यांनीच दाखवलं की एवढं शेपूट सुटं दिलं तरी आम्ल सुटतं. अट एकच, शेवटच्या फिनाइलॲलॅनिनला अमाइड नावाच्या रासायनिक गटाची टोपी असली पाहिजे. ती काढली की हा निरोप पोचत नाही. माणूस आणि डुक्कर यांच्या गॅस्ट्रिनमध्ये एका जागी फरक आहे, पण शेपूट तेच.

आता कोलेसिस्टोकायनिन नावाचं आतड्यातलं संप्रेरक पाहा. त्याची शेवटची पाच अमिनो ॲसिडं गॅस्ट्रिनसारखीच, टोपीसकट. तरी ते जठराला थांबायला सांगतं. फरक टायरोसिन या एका अमिनो ॲसिडाच्या जागेचा आहे. गॅस्ट्रिनमध्ये ते शेवटून सहावं आहे, कोलेसिस्टोकायनिनमध्ये सातवं, आणि तिथे त्याला गंधकाचा एक गट जोडलेला असतो. एका घराच्या फरकानं निरोप वेगळ्या रिसेप्टरवर बसतो आणि अर्थ उलटतो. सिओना नावाच्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या एका छोट्या समुद्री प्राण्यात याच घराण्याचं एक द्रव्य सापडलं आहे. त्यात टायरोसिन सहाव्या जागीही आहे आणि सातव्या जागीही. गॅस्ट्रिन आणि कोलेसिस्टोकायनिन एकाच जुन्या पूर्वजापासून फुटले असावेत, याचा इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

थांबवण्याची व्यवस्था सुरू करण्याच्या व्यवस्थेइतकीच महत्त्वाची आहे. जेवण चालू असताना अन्नातली प्रथिनं आम्ल शोषून घेत राहतात, त्यामुळे आम्ल भरपूर सुटलं तरी पोकळीतला पीएच फार खाली जात नाही. अन्न आतड्यात सरकू लागलं की शोषणारं कुणी उरत नाही आणि पीएच झपाट्यानं उतरतो. तो 3 च्या खाली गेला की जी पेशींच्या शेजारच्या डी पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात. तीही अमिनो ॲसिडांचीच साखळी, चौदा कड्यांची. ती पहिल्यांदा 1973 मध्ये मेंढ्यांच्या मेंदूत सापडली, वाढीचं संप्रेरक रोखणारं द्रव्य म्हणून. जठरात ती जी पेशीला अडवते, ईसीएल पेशीला अडवते आणि पॅरायटल पेशीलाही अडवते. म्हणजे आम्लच पुरेसं झालं की आम्लाला लगाम घालतं. आणि जेवणाच्या सुरुवातीला व्हेगस हीच डी पेशी दाबून धरते. आधी लगाम सैल करायचा आणि मगच चालवायचं.

पुढचा आवर आतड्यातून येतो. आम्ल लहान आतड्यात उतरलं की सिक्रेटिन हे संप्रेरक सुटतं, स्निग्ध पदार्थ आणि अमिनो ॲसिडं पोचली की कोलेसिस्टोकायनिन, आणि दोन्ही मिळून जठराला आवरतात. तेच अमिनो ॲसिड जठरात असताना आम्ल वाढवतं आणि थोडं पुढे गेलं की कमी करायला लावतं. निरोपाइतकीच तो कुठे मिळाला ही जागाही महत्त्वाची आहे. याशिवाय जठराचं अस्तर स्वतः प्रोस्टाग्लँडिन बनवतं. ती आम्ल कमी करतात आणि वरचा चिकट थर जाड ठेवतात. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामकं प्रोस्टाग्लँडिनच बंद पाडतात, म्हणून ती जठराला बाधतात.

काही अमिनो ॲसिडं चेतासंस्थेतही थेट निरोपे असतात. ग्लुटामेट हे त्यातलं एक. हिस्टिडिनचं हिस्टामिन होतं तसंच ग्लुटामेटमधला तुकडा काढला की गाबा तयार होतं. मेंदूत गाबा बहुतेक वेळा शांत करणारं द्रव्य आहे. पण उंदराच्या जठराच्या खालच्या भागातल्या अस्तरावर ते दिलं तर गॅस्ट्रिन वाढतं आणि सोमॅटोस्टॅटिन घटतं, म्हणजे आम्लाच्या बाजूनं काम होतं. गाबाचा एक रिसेप्टर चेतवणारं बॅक्लोफेन हे औषध उंदरांना दिलं की व्हेगसमार्फत आम्ल वाढतं. लगामाला लगाम घातला की गाडी पळते, हे तत्त्व जठरात वारंवार दिसतं.

ही व्यवस्था सगळ्या प्राण्यांत एकाच मापाची नाही. कुत्र्याचं जठर उपाशी असताना आम्ल जवळजवळ सोडत नाही. माणूस आणि उंदीर थोडं थोडं सोडत राहतात. घोडा दिवसभर चरणारा प्राणी, त्याचं जठर आम्ल सतत सोडतं, आणि त्या आम्लाला निष्प्रभ करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणून तासन्‌तास चाऱ्याविना ठेवलेल्या घोड्यांना जठराच्या वरच्या भागात व्रण होतात. घोड्यासमोर चारा असणं ही केवळ पोषणाची बाब नाही. गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी आम्ल फक्त चौथ्यात तयार होतं, आणि वरून अन्न अखंड येत राहतं म्हणून तेही अखंड चालतं. पक्षी आणि बेडकांमध्ये आम्ल आणि पेप्सिनोजेन एकच पेशी बनवते. प्लॅटिपसनं तर हा सगळा संसारच मोडला आहे, त्याच्या जनुकसंचातून गॅस्ट्रिन आणि प्रोटॉन पंपाचे चालते जनुक नाहीसे झाले आहेत.

औषधांकडे आता वेगळ्या नजरेनं पाहता येईल. जेम्स ब्लॅक यांच्या गटानं 1972 मध्ये हिस्टामिनचा जठरातला रिसेप्टर वेगळा आहे हे दाखवलं आणि तो अडवणारं द्रव्य बनवलं. त्यातूनच पुढे सिमेटिडिन हे आम्ल कमी करणारं औषध आलं, आणि ब्लॅक यांना 1988 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. अडवला होता फक्त हिस्टामिनचा मार्ग, पण गॅस्ट्रिन आणि ॲसिटिलकोलीनचाही जोर उतरला. वर ज्या गुणाकाराबद्दल बोललो तो हाच. ओमेप्राझोलच्या घराण्यातली औषधं आणखी एक पायरी खाली जातात आणि पंपच बंद करतात, मग निरोप कुणाचाही असो.

पण पंप बंद झाला तरी निरोपे बोलायचे थांबत नाहीत. आम्ल नाही, म्हणून डी पेशी गप्प. डी पेशी गप्प, म्हणून जी पेशींना आवर नाही, आणि रक्तातलं गॅस्ट्रिन चढतं. गॅस्ट्रिन ईसीएल पेशींना केवळ कामाला लावत नाही, त्यांची वाढही करतं. 1980 च्या दशकात उंदरांना आयुष्यभर मोठ्या मात्रेत ओमेप्राझोल दिल्यावर याच ईसीएल पेशींच्या गाठी दिसल्या होत्या, आणि त्यामागे हे चढलेलं गॅस्ट्रिन असल्याचं नंतर उलगडलं. माणसात औषध बरेच आठवडे घेऊन एकदम थांबवलं, तर वाढलेलं गॅस्ट्रिन आणि वाढलेल्या ईसीएल पेशी अजून जागेवरच असतात, पंप मात्र पुन्हा सुरू झालेले असतात. त्यामुळे काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त सुटू शकतं आणि जुना आजारच उलटला असं वाटतं. पुष्कळदा तो आजार नसतो. म्हणूनच दीर्घकाळ चाललेलं असं औषध डॉक्टर बऱ्याचदा मात्रा उतरवत उतरवत थांबवायला सांगतात, म्हणजे जी आणि ईसीएल पेशींना आपल्या जुन्या मापावर यायला वेळ मिळतो.